संत ऑगस्टीन : शाळेंतून वेदीकडे

ज्युबिलीच्या वर्षीं आपल्या धर्मग्रामाच्या पूर्वजांचें स्मरण करणें ही आपली रीत आहे. मंदिराचा पाया कोणीं घातला, घंटा कोणीं दिली, वेदी कोणाच्या देणगींतून उभी राहिली, हें सर्व आपण आदरानें सांगतों. परंतु ज्या मास्तरांनीं व बाईंनीं पिढ्यान्‌पिढ्या आपल्या मुलांस अक्षरें शिकविलीं, प्रार्थना पाठ करून घेतल्या आणि पहिल्या कम्युनियनसाठीं त्यांची तयारी केली, त्यांचीं नांवें बहुधा कोठेंहि कोरलेलीं नसतात. त्यांच्या सन्मानार्थ आम्हीं या पानांसाठीं अशा एका संताचें चरित्र निवडलें आहे, कीं ज्यांनीं सुमारें बारा वर्षें शिक्षकाचा धंदा केला, त्या धंद्यांत मोठें नांव मिळविलें, आणि ऐन भरभराटींत तो सोडून दिला. ते म्हणजे पवित्र ख्रिस्तसभेचे महान आचार्य संत ऑगस्टीन. हातचें काम सोडून दुसरें धरावें कीं काय, हा प्रश्न आपल्याहि घरोघरीं उठतो. कोणी शाळा सोडून कचेरींत जातो, कोणी कचेरी सोडून शाळेंत येतो. त्या प्रश्नाचें उत्तर या संतांनीं कसें शोधिलें, तें पाहण्यासारखें आहे.

इ. स. ३५४ च्या नोव्हेंबर महिन्याच्या १३ तारखेस उत्तर आफ्रिकेंतील थागास्ते या लहानशा गांवीं ऑगस्टीन यांचा जन्म झाला. हें गांव आज अल्जीरिया देशांत असून त्यास सूक अहरास असें म्हणतात. त्या काळीं तो सर्व प्रदेश रोमन साम्राज्यांत मोडत होता. वडील पात्रिशियस हे थोड्याशा जमिनीचे धनी व गांवच्या कारभारी मंडळाचे सभासद होते. ते जन्मानें ख्रिस्ती नव्हते. मात्र मरणापूर्वीं त्यांनीं श्रद्धेचा स्वीकार केला. आई मोनिका या लहानपणापासून श्रद्धावान ख्रिस्ती होत्या. घरांत खाण्यापिण्याची ददात नव्हती, पण पैसाहि फारसा नव्हता. अशा घरच्या हुशार मुलास वर येण्याचा एकच मार्ग उघडा होता, तो म्हणजे विद्येचा. उत्तम लॅटिन बोलतां व लिहितां येणारा तरुण वकील होई, सरकारी अंमलदार होई, प्रसंगीं प्रांताचा सुभेदारहि होई. म्हणून आईबाप दोघांनींहि मुलाच्या शिक्षणावर आपली सारी आशा ठेविली होती.

त्या वेळच्या शिक्षणाच्या तीन पायऱ्या होत्या. पहिल्या शाळेंत अक्षरें व आंकडे शिकवीत. दुसरी शाळा व्याकरणाची; तिच्यांत मोठ्या कवींचे ग्रंथ ओळीओळीनें वाचून घेत. आजच्या हायस्कुलाच्या जागीं ती शाळा होती असें म्हणावयास हरकत नाहीं. तिसरी पायरी वक्तृत्वशास्त्राची. पहिल्या शाळेंत लहानग्या ऑगस्टीन यांनीं मार पुष्कळ खाल्ला. शाळेंत मार बसूं नये म्हणून ते देवाची करुणा भाकीत; ती त्यांची पहिली प्रार्थना होय. वडीलधारी माणसें मात्र ते वळ पाहून हंसत. धाकदपटशानें शिकविलेली ग्रीक भाषा त्यांना कधींच गोड लागली नाहीं. आईच्या व दायांच्या तोंडून हंसतखेळत कानीं पडलेली लॅटिन मात्र त्यांच्या रोमरोमांत भिनली. जबरदस्तीपेक्षां जिज्ञासा हीच खरी शिक्षक, हा धडा ते तेव्हांच शिकले आणि पुढें जन्मभर विसरले नाहींत.

दुय्यम शिक्षणासाठीं त्यांना मदौरा या शेजारच्या गांवीं पाठविलें. सोळाव्या वर्षीं वडिलांजवळचे पैसे सरले आणि एक वर्ष घरीं रिकामें बसावें लागलें. याच वर्षांत टोळक्याबरोबर त्यांनीं शेजारच्या बागेंतील नासपतीं चोरलीं. भूक नसतां, केवळ चोरीच्या आनंदासाठीं केलेलें तें पाप त्यांना म्हातारपणापर्यंत सलत राहिलें. पुढें गांवचे एक श्रीमंत गृहस्थ रोमानियानुस यांनीं मदत केली आणि ऑगस्टीन कार्थेज या मोठ्या शहरीं शिकावयास गेले. तेथें ते विद्येंत पहिले ठरले, परंतु वर्तनांत घसरले. एका स्त्रीशीं लग्नाविना संसार मांडला, आणि अद्यापि विशीहि गांठली नव्हती तोंच त्यांना पुत्र झाला. त्याचें नांव अदेओदातुस, म्हणजे देवानें दिलेला. एकोणिसाव्या वर्षीं सिसेरो याचा एक ग्रंथ वाचून सत्याच्या शोधाची ओढ मनांत उत्पन्न झाली खरी, पण त्या शोधांत ते मानी नांवाच्या गुरूच्या पाखंडांत शिरले व नऊ वर्षें तेथेंच अडकून पडले.

इ. स. ३७५ च्या सुमारास ते थागास्तेस परतले व व्याकरणाचे शिक्षक झाले. ज्या गांवीं मार खाल्ला, त्याच गांवीं आतां मुलांसमोर उभे राहण्याची पाळी आली. आलीपियुस नांवाचा एक गुणी मुलगा त्यांच्या वर्गांत होता. पुढें तो त्यांचा जन्माचा मित्र व थागास्तेचा बिशप झाला. मोनिका माउलीस मात्र मुलाच्या पाखंडाचें इतकें दुःख झालें कीं, प्रथम तिनें त्यांस आपल्या घरांत घेण्याचें नाकारलें. मग एका स्वप्नानें धीर आल्यावर दार उघडलें. थोड्याच दिवसांत ऑगस्टीन यांचा एक जिवलग मित्र तापानें वारला. गांवचा प्रत्येक रस्ता त्यांना खायला उठला, आणि ३७६ सालीं ते पुन्हां कार्थेजला गेले व वक्तृत्वशास्त्र शिकवूं लागले.

शिक्षकाच्या धंद्यांतील जें जें सुख व जी जी कटकट आपले मास्तर लोक जाणतात, ती सर्व या महापुरुषानें भोगलेली आहे. कार्थेजचे विद्यार्थी दांडगे. नोंद नसलेलीं मुलें टोळी करून वर्गांत घुसत, शिकवणी उधळून लावीत, आणि रूढीमुळें त्यांस कोणी जाब विचारीत नसे. रोममध्यें विद्यार्थी शांतपणें बसतात असें ऐकून ३८३ सालीं ऑगस्टीन यांनीं रोमची वाट धरली. आईला खरें न सांगतां, ती बंदराजवळच्या संत सिप्रियन यांच्या मंदिरांत रात्रभर प्रार्थना करीत असतां ते गलबतांत बसून निघून गेले. रोममध्यें विद्यार्थी खरोखरच शांत होते. पण फी देण्याची वेळ आली कीं सर्वजण संगनमत करून दुसऱ्या शिक्षकाकडे जात! एके ठिकाणीं दंगा, तर दुसऱ्या ठिकाणीं लबाडी. जागा बदलली, परंतु मनाची अस्वस्थता कांहीं बदलली नाहीं.

अशांत एक मोठी संधि चालून आली. सम्राटाचा दरबार तेव्हां उत्तर इटलींतील मिलान शहरीं होता. त्या शहरास सरकारी पगारावर वक्तृत्वाचा अध्यापक पाहिजे होता, आणि निवड करण्याचें काम रोमचे नगराध्यक्ष सिम्माकुस यांजकडे आलें. त्यांनीं ऑगस्टीन यांची परीक्षा घेऊन ३८४ सालीं त्यांची नेमणूक केली. सरकारी डाकेच्या गाडींतून, सरकारी खर्चानें, तिशीच्या उंबरठ्यावरचा हा आफ्रिकेंतील खेडवळ तरुण राजधानींत दाखल झाला. शिक्षकाच्या धंद्यांत याहून वरची जागा क्वचितच होती. आणखी थोडी खटपट केली असती तर एखाद्या प्रांताचें सुभेदारपद मिळण्याचीहि आशा होती. आई मोनिकाहि समुद्र ओलांडून मिलानला आल्या. मुलाच्या बढतीस शोभेल अशा घराण्यांतील एका मुलीशीं लग्नाची बोलणीं झालीं. आणि ज्या स्त्रीनें इतकीं वर्षें त्यांची सोबत केली होती, तिला मुलास मागें ठेवून आफ्रिकेंत परत जावें लागलें. तिचें नांवहि ऑगस्टीन यांनीं कोठें लिहून ठेवलें नाहीं. संतांच्या चरित्रांतील ही काळी बाजू आम्ही झांकूं इच्छीत नाहीं; बढतीच्या मोहापायीं कोणाकोणाचा बळी पडतो, हें त्यावरून कळून येतें.

या पदाबरोबर एक कर्तव्य येई. सणासमारंभीं सम्राटाची स्तुति करणारें भाषण करावें लागे. सम्राट दुसरा व्हालेंतिनियन हा तेव्हां पोरवयाचा होता. भाषणांत पुष्कळसें खोटें असे. तें खोटें आहे हें बोलणाऱ्यास ठाऊक, ऐकणाऱ्यासहि ठाऊक, आणि तरी टाळ्या पडत. असेंच एक भाषण तयार करण्याच्या चिंतेंत ऑगस्टीन मिलानच्या एका गल्लींतून जात असतां त्यांना एक दारू प्यालेला भिकारी दिसला. तो थट्टामस्करी करीत आनंदांत होता. चार नाण्यांच्या भिकेवर त्यानें जें क्षणभर मिळविलें, तें आपल्याला इतक्या विद्येनें व इतक्या धडपडीनेंहि मिळत नाहीं, ही जाणीव त्यांच्या काळजांत रुतली. आपण शिकवितों तें काय? सत्य न पाहतां शब्द विकण्याची कला! तरुणांनीं ती विकत घ्यावी आणि न्यायाच्या कचेऱ्यांत तिनें लढावें. दोष शिकविण्यांत नव्हता. शिकवून काय साधावयाचें, त्यांत होता.

मिलानचे बिशप संत अँब्रोज यांचीं प्रवचनें ऐकावयास ते प्रथम केवळ धंद्याच्या नजरेनें गेले. या गृहस्थांचें वक्तृत्व ऐकल्याप्रमाणें आहे कीं नाहीं, एवढेंच त्यांना पाहावयाचें होतें. पण शब्दांबरोबर अर्थहि आंत शिरूं लागला. पवित्र शास्त्राविषयींच्या त्यांच्या जुन्या शंका एकेक करून सुटल्या. मग सिंप्लिशियानुस या वृद्ध धर्मगुरूंनीं त्यांना विक्तोरिनुस यांची हकीकत सांगितली. विक्तोरिनुस हेहि आफ्रिकेंतून आलेले, रोममधील नामांकित वक्तृत्वाचार्य. त्यांचा पुतळा रोमच्या चौकांत उभारलेला होता. उतारवयांत त्यांनीं सर्व लोकांसमक्ष ख्रिस्ताचा स्वीकार केला. पुढें ३६२ सालीं सम्राट जूलियन यानें ख्रिस्ती माणसांस साहित्य शिकविण्याची बंदी केली, तेव्हां त्यांनीं श्रद्धा न सोडतां शाळाच सोडली. ही हकीकत ऐकून ऑगस्टीन यांच्या मनांत त्यांचें अनुकरण करण्याची आग पेटली. पण पाय उचलेना. पगार, प्रतिष्ठा आणि देहाची संवय या तिन्ही सांखळ्या जड होत्या.

३८६ च्या उन्हाळ्यांत पोंतिशियानुस नांवाचे एक दरबारी गृहस्थ त्यांच्या घरीं आले. त्यांनीं मिसर देशांतील संत अँथनी यांचें चरित्र, आणि तें चरित्र वाचून सम्राटाची नोकरी तेथल्या तेथें सोडणाऱ्या दोन अंमलदारांची गोष्ट सांगितली. ऑगस्टीन बेचैन होऊन घराच्या बागेंत गेले व अंजिराच्या झाडाखालीं पडून रडूं लागले. तोंच शेजारच्या घरांतून एका बालकाचा आवाज आला. ग्रंथ उचलून वाचावा, असें तें मूल गाऊन सांगत होतें. संत पौल यांच्या पत्रांचें पुस्तक जवळच होतें. उघडतां जें वाक्य समोर आलें, त्यांत देहाच्या वासना टाकून प्रभु येशूस धारण करण्याची आज्ञा होती. पुढें वाचण्याची गरजच उरली नाहीं. ज्यांनीं जन्मभर इतरांस वाचावयास शिकविलें, त्यांस त्या दिवशीं एका लहान मुलानें वाचावयास शिकविलें.

आतां नोकरीचें काय? येथें संतांचें व्यवहारज्ञान पाहण्यासारखें आहे. द्राक्षांच्या हंगामाची लांब सुटी लागण्यास सुमारें वीस दिवस उरले होते. त्यांनीं लगेच गाजावाजा करून राजीनामा दिला नाहीं. सुटीच्या तोंडावर तसें केलें असतें तर लोक म्हणाले असते कीं, मोठेपणा मिरविण्यासाठीं हें केलें. मनांत निश्चय पक्का करून त्यांनीं ते दिवस निमूटपणें काढले, जरी एकेक दिवस जड जात होता. त्या उन्हाळ्यांत अति शिकविण्यानें त्यांची छातीहि बिघडली होती. श्वास लागे, मोठ्यानें बोलवत नसे. तें एक खरेंखुरें कारणहि हाताशीं होतें. सुटी संपतांच त्यांनीं मिलानच्या नागरिकांस कळविलें कीं, त्यांनीं आपल्या मुलांसाठीं दुसरा अध्यापक पाहावा. बिशप अँब्रोज यांनाहि पत्र लिहून आपला हेतु सांगितला व काय वाचावें याचा सल्ला मागितला.

पगार सुटला, तेव्हां राहण्याची सोय मित्रानें केली. वेरेकुंदुस या मिलानच्या व्याकरणशिक्षकांनीं कासिशियाकुम येथील आपलें शेतावरचें घर त्यांस दिलें. आई, मुलगा, भाऊ, चुलतमावस भावंडें, आलीपियुस आणि दोन तरुण शिष्य अशी मंडळी तेथें जमली. सकाळीं शेतीचीं कामें पाहावीं, दुपारीं एकत्र बसून चर्चा करावी, जेवणापूर्वीं व्हर्जिल कवीचें अर्धें सर्ग वाचावें, असा क्रम होता. चर्चेचे विषय मोठे : सत्य सांपडतें काय, सुखी जीवन कोणतें. लिहावाचावयाचें फारसें शिक्षण नसलेल्या मोनिका माउलीहि त्या चर्चेंत भाग घेत, आणि त्यांचीं उत्तरें विद्वानांस थक्क करीत. पाहा, वर्ग सोडून दोन महिने झाले नाहींत तोंच वर्ग पुन्हां भरला. फक्त त्यांत फी नव्हती आणि खोटी स्तुति नव्हती.

३८७ च्या ईस्टरच्या रात्रीं, एप्रिलच्या २४ व २५ तारखांच्या मध्यें, संत अँब्रोज यांच्या हस्तें ऑगस्टीन, आलीपियुस व पंधरा वर्षांचा अदेओदातुस यांचा बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षीं मायदेशीं परततांना ओस्तिया बंदरांत मोनिका ५६ व्या वर्षीं देवाघरीं गेल्या. देह कोठेंहि पुरा, मात्र प्रभूच्या वेदीपाशीं माझी आठवण ठेवा, एवढीच त्यांची शेवटची इच्छा होती. ३८८ सालीं ऑगस्टीन थागास्तेस पोहोंचले, वडिलोपार्जित मिळकतीचा त्याग केला व मित्रांसह प्रार्थनेचें जीवन सुरू केलें. तेथेंच त्यांनीं शिक्षक या विषयावर एक ग्रंथ लिहिला. तो ग्रंथ म्हणजे त्यांचें व अदेओदातुस याचें संभाषण. शिक्षकाचे शब्द केवळ बोट दाखवितात. आंतून पटवून देणारा खरा गुरु ख्रिस्त एकच, असें त्याचें सार आहे. हा बुद्धिमान पुत्र लवकरच वारला. बापलेकांचा तो अखेरचा वर्ग आज सोळाशें वर्षांनंतरहि वाचावयास मिळतो.

एकांतांत राहावें अशी त्यांची इच्छा होती. ज्या गांवीं बिशपाची जागा रिकामी असे, तेथें ते मुद्दाम जात नसत. परंतु ३९१ सालीं हिप्पो शहरीं कोणा मित्राच्या भेटीस गेले असतां लोकांनीं त्यांना मंदिरांतच धरलें आणि वृद्ध बिशप वालेरियुस यांच्या पुढें उभें करून धर्मगुरूची दीक्षा देवविली. ऑगस्टीन रडूं लागले. कांहीं भोळ्या लोकांस वाटलें, बिशपपद न मिळतां साधें गुरुपद मिळालें म्हणून रडतात! खरें कारण जबाबदारीचें भय हें होतें. इतका विद्वान मनुष्य, पण त्यांनीं प्रथम काय मागितलें? पवित्र शास्त्राचा अभ्यास करावयास कांहीं दिवसांची रजा! नव्या कामास जुनी विद्या पुरत नाहीं, हें त्यांनीं ओळखिलें होतें. ३९५ च्या सुमारास ते बिशप झाले व मरेपर्यंत, म्हणजे सुमारें ३५ वर्षें, त्याच बंदराच्या गांवीं राहिले.

तेथें त्यांचे विद्यार्थी कोण? कोळी, शेतकरी, खलाशी, मोलमजूर. बहुतेकांस अक्षरओळख नव्हती. राजधानीचे हे माजी अध्यापक आतां त्यांच्यासाठीं सोपें बोलूं लागले. लोकांस अर्थ समजावा म्हणून अशुद्ध शब्दहि ते जाणूनबुजून वापरीत. पंडितांनीं नांवें ठेविलीं तरी चालतील, पण सामान्य माणसास कळलें पाहिजे, असें त्यांचें मत होतें. सोन्याची किल्ली कुलपास लागत नसेल तर ती काय कामाची, आणि लांकडाची लागत असेल तर तिच्यांत उणें काय, असा दाखला त्यांनीं आपल्या एका ग्रंथांत दिला आहे. पाखंडाविरुद्ध लोकांस गातां यावें म्हणून त्यांनीं वर्णमालेच्या क्रमानें एक साधें गीतहि रचिलें. शिवाय सकाळपासून लोकांचे तंटे मिटविणें, गरिबांची काळजी घेणें, कैद्यांच्या सुटकेसाठीं वेळप्रसंगीं मंदिरांतील पात्रेंहि वितळविणें, हीं कामें होतींच. या सर्वांतून त्यांनीं आपल्या आयुष्याचें निवेदन लिहिलें. आणि ४१० सालीं रोम शहर लुटलें गेल्यावर देवाच्या नगरीवरील महाग्रंथ ४१३ ते ४२६ या वर्षांत पुरा केला. त्यांचीं पांचशेंहून अधिक प्रवचनें आज उपलब्ध आहेत, आणि १९९० सालीं जर्मनींतील माइन्त्स येथील एका हस्तलिखितांत आणखी कित्येक सांपडलीं.

आपल्या धर्मशिक्षकांनीं त्यांचें एक लहान पुस्तक अवश्य जाणून घ्यावें. इ. स. ४०० च्या सुमारास कार्थेजच्या देओग्रातियास नांवाच्या डीकननें त्यांस तक्रार लिहिली कीं, नवख्यांस तेच तेच धडे शिकवून आपण कंटाळतों. ऑगस्टीन यांनीं त्यास रागें भरलें नाहीं. त्यांनीं समजाविलें कीं, ओळखीचें शहर नव्या पाहुण्यास दाखवितांना आपणांसहि तें नवें वाटूं लागतें, तसेंच धड्याचें आहे. आई जशी बाळास लहान घांस प्रेमानें भरविते, तसें शिकवावें. ऐकणारा जांभया देऊं लागला तर एखादी हंसतमुख गोष्ट सांगावी. तो उभा राहून थकला असेल तर त्यास बसावयास आसन द्यावें. ज्या माणसानें दंगेखोर वर्ग व फी बुडविणारे विद्यार्थी सोसले, त्यालाच हें सुचावें!

४३० सालीं व्हांडाल लोकांनीं हिप्पोस वेढा घातला. वेढ्याच्या तिसऱ्या महिन्यांत ७५ वर्षांचे ऑगस्टीन तापानें अंथरुणास खिळले. पश्चात्तापाचीं स्तोत्रें मोठ्या अक्षरांत लिहवून त्यांनीं तीं भिंतीवर लाविलीं व तीं वाचीत, अश्रु ढाळीत २८ ऑगस्ट रोजीं प्राण सोडला. मृत्युपत्र केलें नाहीं, कारण द्यावयास कांहीं नव्हतें. मात्र मंदिराचीं पुस्तकें जपून ठेवावीं एवढें सांगून ठेविलें होतें. त्यांच्या नांवानें चालणाऱ्या संघाचे साधु १५७२ सालीं गोव्यांत आले; जुन्या गोव्याच्या टेकडीवर त्यांच्या मंदिराचा भग्न मनोरा व जवळच सांता मोनिकाचा मठ, मायलेकांच्या स्मृतीसारखे, आजहि उभे आहेत. ८ मे २०२५ रोजीं निवडून आलेले पोप लिओ चौदावे हेहि याच संघाचे.

मग ऑगस्टीन यांनीं शिक्षकाचें काम सोडलें असें म्हणावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. त्यांनीं पद सोडलें, पगार सोडला, टाळ्या सोडल्या. शिकविणें सोडलें नाहीं. वेरेकुंदुस त्यांच्याबरोबर निघाले नाहींत, आपल्या वर्गांतच राहिले. पण ऑगस्टीन यांनीं त्यांस कधीं कमी लेखिलें नाहीं, उलट त्यांच्या घराच्या उपकाराची फेड देवापाशीं मागितली. तेव्हां राहणें किंवा जाणें यांत पुण्य ठरलेलें नाहीं. माझे शब्द कोणाच्या उपयोगीं पडतात, आणि ते खरे आहेत काय, एवढेंच विचारावयाचें. जो शिक्षक आज वर्गांत आहे त्यानें तें तेथें विचारावें, आणि ज्यानें वर्ग सोडला त्यानें नव्या जागीं विचारावें. ज्या मास्तरांनीं व बाईंनीं हा प्रश्न मुकाट्यानें विचारून आपला धर्मग्राम घडविला, त्यांच्या आत्म्यांस प्रभु चिरशांति देवो, आणि त्यांच्या मागें येणाऱ्यांस संत ऑगस्टीन व संत मोनिका यांची मध्यस्थी लाभो.